स्लॅबला कोणी बोलावत नाही

वाउटर हूख्लांडला राग यायला फारसं काही लागत नसे, रविवार पुरत असे. ब्राझीलमधल्या सबारा गावात ज्या चढावर तो राहायचा, तिथे मार्चमध्ये पावसाळा सरला की दर रविवारी कोणाच्या ना कोणाच्या घरावर स्लॅब पडायची. सकाळी साडेसहाला मिक्सर घरघरायला लागायचा, सातला पंचवीस माणसं एकदम ओरडायला लागायची, दहाला छपरावर गाणी सुरू व्हायची. आणि बाराच्या सुमारास काळ्या घेवड्यात शिजणाऱ्या डुकराच्या मांसाचा, म्हणजे फेजोआडाचा वास वाउटरच्या बंद खिडकीच्या फटीतून आत यायचा आणि त्याच्या पुढ्यातल्या चीज सँडविचवर येऊन बसायचा. एकच सँडविच. हॉलंडात दुपारचं जेवण एवढंच असतं आणि वाउटरच्या मते शहाण्या माणसाला ते पुरतं. पण तो वास आला की पुरायचं नाही, आणि मग त्याला आणखीनच राग यायचा.

कारण त्याला कोणी बोलावलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही.

तसं बघायला गेलं तर सांगायचे सगळे. समोर जिल्मार राहायचा. तो बस चालवायचा आणि घरीदारी शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशाच आवाजात बोलायचा. शुक्रवारी संध्याकाळी तो कुंपणावरून हाक मारायचा. "ए जर्मन! रविवारी मेव्हण्याची स्लॅब आहे रे!" (वाउटर जर्मन नव्हता. पण या चढावर पिवळ्या केसांचा माणूस म्हणजे जर्मन, हे ठरलेलं होतं. पहिल्या वर्षी त्याने नकाशा काढून हॉलंड कुठे आहे ते दाखवलं होतं. जिल्मारने नकाशा नीट बघितला आणि म्हणाला होता, "एवढंसंच आहे की! मग जर्मनीतच धर ना.")

"अभिनंदन," वाउटर म्हणायचा. मग तो वाट बघायचा. आता पुढचं वाक्य येईल, 'तरी आपण सकाळी सात वाजता अमुक पत्त्यावर यावं.' कुंपणापलीकडे जिल्मारही कशाची तरी वाट बघत उभा राहायचा. थोड्या वेळाने जिल्मार डोकं खाजवत आत जायचा आणि वाउटर खिडकी लावून घ्यायचा.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणायचा. "सांगून गेला. बोलावलं नाही. मुद्दाम डिवचतात."

नेउझा याच गावात जन्मलेली, याच चढावर वाढलेली. "अरे माणसा, स्लॅबला कोणी बोलावत नाही. बोलावलं तर ते मजुरीला बोलावल्यासारखं होतं. नुसतं कानावर घालतात. ज्याच्या कानावर पडलं तो येतो, चार डबे काँक्रीट वाहतो, जेवतो, घरी जातो." पहिल्या वर्षी तिने हे समजावून सांगितलं, तिसऱ्या वर्षी त्यावरून भांडली आणि पाचव्या वर्षी नाद सोडला. रविवारी ती एप्रन बांधून एकटीच स्वयंपाकाला निघून जायला लागली. वाउटर जागचा हलला नाही. बोलावल्याशिवाय लोकांच्या दारी ऐन जेवणाच्या वेळी उगवणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याच्या झ्वोलच्या मावशीकडे चहाला जायचं तरी सहा आठवडे आधी कार्ड यायचं, आणि कधी निघायचं तेही त्यावर छापलेलं असायचं. तो पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तकं भाषांतरित करून पोट भरायचा. ज्या गोष्टीची सूचना लिहिलेली नाही ती गोष्ट माणसांनी करावी, यावर त्याचा विश्वासच नव्हता.

आणि मग त्याच्याच घरावर स्लॅब टाकायची वेळ आली.

झालं असं की नेउझा लग्नाचे पोशाख शिवायची आणि ते स्वयंपाकघरात शिवायची, कारण घरात दुसरी खोलीच नव्हती. मे महिन्यात एक नवरी चर्चमध्ये उभी राहिली आणि पहिल्या तीन रांगांत लसणाची फोडणी दरवळली. नवरीच्या आईने येऊन जे काही ऐकवलं ते नेउझा दोन दिवस भांडी आपटत ऐकवत होती. शेवटी भांडी संपली तेव्हा ती वाउटरपुढे येऊन उभी राहिली. "ऑक्टोबरचा पाऊस लागायच्या आत वर स्लॅब पडली पाहिजे आणि त्यावर मला खोली पाहिजे. नाहीतर मशिनं घेऊन मी बेतिंगला बहिणीकडे जाते. एकदा गेले की ती दोन्ही मशिनं परत चढावर आणायचं बळ माझ्यात नाही, सांगून ठेवते."

मशिनं परत येणार नाहीत, म्हणजे कोण परत येणार नाही, हे वाउटरला कळलं. तेवढं पोर्तुगीज त्याला येत होतं.

सेउ ओनोफ्रे नावाच्या म्हाताऱ्या गवंड्याने सेंट्रिंग केलं, सळया बांधल्या. या चढावरची निम्मी घरं त्याच्या हाताखालून गेली होती. काम झाल्यावर टोपी मागे सारून त्याने विचारलं, "मग? कुठला रविवार धरायचा?"

"रविवार नाही. गुरुवार. सकाळी दहा वाजता. तयार काँक्रीटची गाडी येईल, पंपासकट. मी बुकिंग केलं आहे."

म्हाताऱ्याने टोपी पुन्हा पुढे ओढली. "गाडी? या चढावर?"

"होय."

"त्या वळणावरून?"

"मी वळण मोजलं आहे."

"मोजलं असशील बाबा," ओनोफ्रे म्हणाला. "पण वळणाने तुला मोजलंय का?" आणि तो हत्यारं गोळा करून निघून गेला.

मला कोणाचे उपकार नकोत, असं वाउटर सगळ्यांना छाती काढून सांगत होता. खरं कारण त्याने नेउझालाही सांगितलं नव्हतं. समजा, आपण रविवार ठरवला, कुंपणावरून कानावर घातलं, फेजोआडाचं पातेलं चढवलं, आणि कोणी आलंच नाही तर? त्या विचाराने तो अंथरुणात घामाघूम व्हायचा आणि मग सगळ्या चढाला मनातल्या मनात शिव्या घालायचा. गाडीला पैसे दिले की गाडी येते. गाडीला मन नसतं.

गाडीची ही बातमी चढावर पसरायला एक सकाळ लागली. मग सल्ले सुरू झाले. पोस्टमन म्हणाला, पंपाची नळी घेताना भोकं बघून घे. जिल्मारची सासू म्हणाली, संत क्लाराला कुंपणावर तीन अंडी ठेव, पाऊस येणार नाही. वाउटरने विचारलं, सप्टेंबरात पाऊस येतो कुठे? ती म्हणाली, मग ठेवायला तुझं काय जातं? दुसऱ्या दिवशी कुंपणावर तीन अंडी होती, ती कोणी ठेवली हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती कोणाच्या तरी कोंबडीनेच फोडली. वाउटर ते बलक पुसताना सुद्धा चिडलेला होता.

पण गाडीसाठी रस्ता दोन तास बंद ठेवायचा, तर नगरपालिकेची परवानगी हवी. वाउटरसारख्या माणसाला परवानगी काढायला आवडतं. तो सगळे कागद एका फाइलमध्ये, फाइल पिशवीत, असा चार नंबरच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. खिडकीतल्या बाई मक्याचा केक खात होत्या. त्यांनी कागद वाचले, बोटं पुसली आणि खरोखरच्या आपुलकीने विचारलं, "रविवारी का नाही करत हो?"

"कारण रविवारी परवानगी मिळत नाही."

"तेच म्हणते मी. रविवारी आम्ही बंद असतो. आम्हाला काही दिसत नाही."

वाउटरने सांगितलं की त्याला सगळं कायदेशीर हवं आहे. बाईंना वाईट वाटलं. कायदेशीर म्हटल्यावर त्यांचाही इलाज खुंटला. त्यांनी मागून एक छापील कागद काढला. रस्त्यावरच्या अकरा घरांची 'हरकत नाही' अशी लेखी संमती आणावी. सह्या नोटरीकडून खऱ्या असल्याचा शिक्का मारून आणाव्या. अर्जदाराचीही सही तशीच.

नोटरीकडे अर्जदाराचीच सही नापास झाली. अकरा वर्षांपूर्वी त्याने तिथे नमुन्याची सही दिली होती, गोल, सावकाश, शांत माणसाची सही. आता काचेमागच्या तरुणाने नवी सही तिच्याशेजारी धरली आणि मान हलवली. "ही त्याच माणसाची वाटत नाही."

"तो मीच आहे!"

"पुन्हा करा. जरा मन शांत ठेवून."

वाउटरने पाच वेळा केली. प्रत्येक सही आधीच्यापेक्षा रागीट आली. पाचव्या वेळी पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. शेवटी रांगेतल्या एका आजीबाईंनी त्याला बाकावर बसवलं, पाणी पाजलं, आपल्या गुडघेदुखीची हकीगत पहिल्यापासून सांगितली, आणि त्या हकीगतीत त्याला जी गुंगी आली त्या गुंगीत सहावी सही पास झाली.

मग घरोघर संमत्या. मिनासच्या, म्हणजे या प्रांतातल्या, माणसाकडे कामासाठी जायचं म्हणजे आधी बसायचं, मग कॉफी, मग चीजचा गरम पाव, मग सगळ्यांच्या तब्येती, आणि तुम्ही निघताय असं दिसलं की मग काम. दहा घरं, दहा कॉफ्या, प्रत्येकीत तीन चमचे साखर. आणि प्रत्येक घरी तोच प्रश्न, "मग कुठला रविवार?" आणि वाउटरचं तेच उत्तर, "गुरुवार. गाडी येणार आहे. कोणी येण्याची गरज नाही."

त्याला वाटत होतं की आपण चांगली बातमी देतो आहोत. रविवारची झोप वाचली, पाठ वाचली. माणसांनी खूश व्हायला नको?

जिल्मार पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "गरज नाही?"

"अजिबात नाही."

"बरं," जिल्मार म्हणाला. त्याने सही केली ती अशी की खालच्या टेबलावरही उमटली. आतून त्याच्या सासूने पावांचं ताट परत नेलं.

अकरावं घर वळणावरचं, दोना इरासेमा नावाच्या विधवेचं. साठीची, सडसडीत बाई, एकटी राहायची, पेरूची वडी करून विकायची. तिने दारातच कागद घेतला, वाचला, सही केली, कागद परत दिला आणि दार लावलं. 'बस' नाही, कॉफी नाही. आधी वाउटरला बरंच वाटलं, पोटात अकराव्या कॉफीला जागा नव्हती. चार पावलं चढल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की या गावात दारात आलेल्या माणसाला कॉफी न विचारणं म्हणजे थोबाडीत मारणं. मी हिचं काय केलंय? तो घरी येईपर्यंत धुसफुसत होता. घरी आल्यावर नेउझाला म्हणाला, "तुझे शेजारी माणूसघाणे आहेत." नेउझाने शिवणयंत्राचं पायडल एवढ्या जोरात दाबलं की पुढचं तिला ऐकू आलं नाही.

गुरुवार उजाडला. दहा वाजता गाडी आली. अगदी दहा वाजता! वाउटर फाटकात उभा राहून आनंदाने घड्याळ बघत होता. गाडी चढाच्या तळाशी दिसली, चढायला लागली, वळणापर्यंत आली, आणि वळणावर, दोना इरासेमाच्या कुंपणाला घासून, अडकली. पुढे जाईना, मागे येईना. पंपवाली गाडी तिच्या मागे होती, ती वळणापर्यंतही पोचली नाही. पंपाची नळी ताणून, जोडून, पुन्हा ताणून वर आणली ती चार घरं खालच्या एका फाटकापाशीच संपली. तिथून वाउटरचं घर चाळीस मीटर वर होतं.

"वळण मी मोजलं होतं!" वाउटर ओरडला.

"रस्ता मोजला असेल," ड्रायव्हर म्हणाला. "विजेचा खांब मोजला होता का?"

खांब मोजला नव्हता. खांब रस्त्यात येत नाही, असं वाउटरचं गृहीत होतं. हॉलंडात येत नाही.

ड्रायव्हरने सिगारेट पेटवली. "हे बघा साहेब. आत तीन घनमीटर माल आहे. दीड तास. दीड तासानंतर हा ड्रममध्येच दगड होणार, आणि दगड झालेला ड्रम माझ्या मालकाला दाखवायची माझी तयारी नाही. तेव्हा दीड तासाने, माफ करा, मी हा इथे रस्त्यावर ओतणार."

"पण स्लॅब एका दमात भरावी लागते! अर्धी भरून चालत नाही!"

"मग भरा ना."

वाउटरने वर बघितलं. सेंट्रिंग, सळया, ओनोफ्रे आणि दोन मजूर. खाली बघितलं. तीन घनमीटर म्हणजे रंगाच्या रिकाम्या डब्यांनी दोनशेच्या आसपास डबे. स्वयंपाकघराच्या दारात नेउझा येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात नवरीच्या पोशाखाची पांढरी जाळी होती आणि तोंडातल्या टाचण्यांमुळे ती बोलत नव्हती. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

चढावरच्या सगळ्या खिडक्यांत डोकी होती. कोणी हललं नाही. गरज नाही असं सांगितल्यावर कोण हलणार?

आणि वाउटर रस्त्याच्या मधोमध जाऊन फुटला. आधी स्वतःच्या भाषेत, कारण शिव्या तिथे साठलेल्या होत्या, आणि मग सगळ्यांना कळेल अशा भाषेत. "अकरा वर्षं! अकरा वर्षं मी इथे राहतो! प्रत्येक रविवारी तुम्ही खाता, पिता, नाचता! माझ्या नाकासमोर! आणि एकानेही मला बोलावलं नाही! एकानेही! मी कोण आहे तुमचा? गल्लीतलं कुत्रंसुद्धा त्या जेवणाला जातं!"

मग जिल्मारचं दार धाडकन उघडलं. तो रात्रपाळी करून आला होता, अंगात पट्ट्यापट्ट्यांची हाफपँट आणि बनियन. "बोलावलं नाही? दर शुक्रवारी या कुंपणावर मी काय भाषण देत होतो? रेडिओवर? रविवारी स्लॅब आहे, रविवारी स्लॅब आहे! आणि हा काय म्हणतो? अभिनंदन! आणि खिडकी लावतो! माझ्या तोंडावर!"

"त्याला बोलावणं म्हणत नाहीत!"

"मग काय घोडा पाठवू तुला आणायला?"

"कुत्र्याला कोणी बोलावलं होतं रे?" जिल्मारची सासू खिडकीतून किंचाळली. "कुत्र्याला अक्कल आहे म्हणून येतं!"

आता बाकीच्या खिडक्याही बोलायला लागल्या. अकरा वर्षांचं साठलेलं होतं दोन्ही बाजूंना. ओनोफ्रे मात्र भांडणातून वाट काढत खाली नळीपाशी गेला. त्याने एक रिकामा डबा नळीच्या तोंडाखाली धरला, भरून घेतला, आणि थापीने त्यावर ठणठण वाजवलं.

"भांडा," तो म्हणाला. "हवं तेवढं भांडा. पण डबा हातात घेऊन भांडा. काँक्रीट तुमच्यासाठी थांबायचं नाही."

जिल्मार तरातरा खाली आला. डबा उचलून खांद्यावर घेतला आणि वाउटरच्या नाकाशी नाक आणून म्हणाला, "नेउझासाठी. तुझ्यासाठी नाही."

मग एकेक जण आला. गुरुवार, सकाळची वेळ, चढावर होते कोण? पेन्शनवाले, बायका, पत्रं टाकायची सोडून पोस्टमन. "नेउझासाठी." "नेउझाने माझ्या मुलीचा पोशाख शिवला म्हणून." "नेउझासाठी, आणि तू बाजूला हो, मध्ये येतोस." वाउटरने स्वतः डबा उचलला आणि रांगेत घुसला. नेउझाने टाचण्या तोंडातून काढल्या, जाळी घरात ठेवली आणि तीही आली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

डब्यांबरोबर आरोपही हातोहात वर चढत होते. मिक्सर आठच्या आधी सुरू करू नये अशी टाइप केलेली चिठ्ठी प्रत्येक घरात कोणी टाकली होती? (वाउटरने.) जिल्मारच्या वाढदिवसाला सात वाजता कोण आला होता, घरचे आंघोळ करत असताना? (वाउटर. सात सांगितलं होतं!) आणि नऊ वाजता, पाहुणे यायला लागल्यावर, घड्याळ बघून कोण निघून गेला होता? जिल्मारच्या सासूने पाठवलेलं फेजोआडाचं भांडं कोणी परत दिलं होतं, घासून, पुसून, रिकामं?

"घासून दिलं, तेही चुकलं?" वाउटर धापा टाकत ओरडला.

"रिकामं!" ती ओरडली. "शेजारणीचं भांडं रिकामं परत देतात होय? दोन केळी घालायची! एक लिंबू घालायचं! माझ्या घरी सुतक असल्यासारखं दिलंस!"

"मला कोणी सांगितलं नाही!"

"श्वास घ्यायला कोणी सांगितलं होतं?"

वाउटरचा खांदा सोलवटला. तरी तो वाद घालत होता. आणि रागावलेली माणसं जोरात चालतात, हे कोणी नाकारू शकणार नाही. साडेअकराला ड्रम रिकामा झाला. ओनोफ्रेने शेवटच्या कोपऱ्यावर लांब फळी फिरवली, डोळा मिटून पातळी बघितली आणि म्हणाला, "झाली. एका दमात." गाडी हलकी झाल्यावर ड्रायव्हरने ती तिरकी करून खांबापासून सोडवली आणि तो मागच्या मागे उतरून गेला.

चौदा माणसं अंगणात उभी होती, काँक्रीटने राखाडी झालेली, घामाने भिजलेली. कोणी घरी गेलं नाही. ती सगळी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. आता तिथून पातेलं यायचं असतं.

वाउटर आत गेला आणि ट्रे घेऊन आला. त्यावर ओनोफ्रे, दोन मजूर आणि स्वतःसाठी केलेली चार चीज सँडविचं होती. माणसं जास्त आहेत हे पाहून त्याने प्रत्येकाचे चार तुकडे केले होते. सोळा तुकडे. म्हणजे दोन उरतातही, असा त्याचा हिशोब.

जिल्मारने एक तुकडा दोन बोटांत धरून उजेडात बघितला. "हे काय, नमुना आहे का?"

कोणी हसलं नाही, हे सगळ्यात वाईट. बायकांनी हात धुतले. माणसांनी डबे उलटे करून ठेवले. वाउटर प्रत्येकापुढे जाऊन हात पुढे करत "मनापासून आभार" म्हणत होता, आणि प्रत्येक जण आभाराच्या त्या हाताकडे बघून "हं" म्हणून जात होता. फाटक वाजलं, पुन्हा वाजलं, अंगण रिकामं झालं.

"माझ्या घरावर स्लॅब पडली," नेउझा म्हणाली. ती उलट्या डब्यावर बसली होती आणि तिचा आवाज चढलेला नव्हता. "आणि माणसं उपाशी घरी गेली. माझ्या आईच्या गल्लीतली माणसं. खोली झाली, वाउटर. बेतिंगला काही मी जात नाही. पण उद्या या रस्त्यावरून मी पावाच्या दुकानात कशी जाऊ ते तू सांग."

वाउटरला पुन्हा रागच येत होता, पण आता तो कोणावर काढावा हे सापडत नव्हतं.

"चल," कोणीतरी म्हणालं.

नळाशी दोना इरासेमा डबा धूत होती. ती या सगळ्यात कधी आली, किती डबे वाहिले, त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. 'नेउझासाठी' असंही म्हणाली नव्हती.

"कुठे?" वाउटरने विचारलं.

ती उत्तर न देता चालायला लागली. तो मागोमाग उतरला. वळणावरच्या घरात तिने त्याला सरळ आतल्या खोलीत नेलं आणि बोट वर केलं. छतावर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एक काळी रेघ होती, बोटभर रुंद, कडांना हिरवट. तिच्या खालची भिंत पोपडे सुटून फुगली होती.

"सात वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "जुलैत माझा नवरा गेला. सेंट्रिंग त्याने बांधून ठेवलं होतं, ते भाड्याचं होतं, थांबून चालणार नव्हतं. ऑगस्टात मी शुक्रवारी चढावर घरोघर गेले. तुझ्या दारातही आले. आठवतं?"

वाउटरला आठवत होतं. काळ्या कपड्यातली बाई. रविवारी माझी स्लॅब आहे, म्हणाली होती. त्याने आधी कळवल्याबद्दल तिचे आभार मानले होते. आणि रविवारी सकाळीच, गोंगाट नको म्हणून, तो बसने बेलो होरिझोंतेला जाऊन दिवसभर एका वाचनालयाच्या बागेत बसला होता. परत आल्यावर ती चिठ्ठी टाइप केली होती.

"त्या दिवशी शेजारच्या कोंतागेंग गावात दुसरीही एक स्लॅब होती, इथल्याच एकाच्या पुतण्याची. माणसं वाटली गेली. चारच्या सुमारास इथल्यांचे हात गळाले. ओनोफ्रे म्हणाला, एक माणूस, फक्त एक धडधाकट माणूस आणखी हवा होता. स्लॅब इथवर आली आणि थांबली." तिने पुन्हा त्या रेघेकडे बोट केलं. "उरलेली पुढच्या रविवारी भरली. ती जुन्या भागाला धरतच नाही. सगळं लावून बघितलं, डांबर, रबर, काय काय. पाऊस आला की इथून गळतं."

वाउटरने तोंड उघडलं. माफी मागायची, दुरुस्तीचा खर्च देतो म्हणायचं, मला स्पष्ट कळलं नव्हतं म्हणायचं, तिन्ही वाक्यं एकदम तोंडाशी आली.

"बोलू नकोस," दोना इरासेमा म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि ते रागाने होतं. "तू बोललास की मला संताप येतो. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. पलंग त्या कोपऱ्यात न्यायचाय. ते टोक धर."

पलंग रेघेच्या बरोबर खाली होता. जुन्या लाकडाचा, दोन माणसांचा, भक्कम. वाउटर पायथ्याशी गेला आणि वाकला, आणि वाकल्यावर त्याला फरशी दिसली. पलंगाच्या पायांपासून कोपऱ्यापर्यंत लांब चरे पडले होते, काही जुने, मळाने भरलेले, काही पांढरे. पावसाळ्याआधी एकदा तिकडे, पावसाळ्यानंतर एकदा इकडे. एकट्या बाईला हा उचलता येत नाही, ढकलावाच लागतो.

त्याने न ठरवता मोजले. चौदा होते.

"उचलतोयस ना?" ती पलीकडून म्हणाली.

त्याने उचलला.